शेप्याचा पहिला गिलास

अख्ख्या मराठवाड्यात आमच्या साडूभाऊंइतकी कमी बीअर पिणारा आणि बीअरला इतका वेळ देणारा दुसरा माणूस झालेला नाही, व्हायचा नाही, आणि कुणी तसा दावा केलाच तर त्याला खुशाल माझ्याकडे पाठवा. मी त्याला साडूभाऊंच्या समोरच्या खुर्चीवर बसवीन. तासाभरात तो आपल्या पायांनी उठून ताक प्यायला जाईल. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे गंगापूरकडचे. घरची ऊस-कापसाची शेती, आणि स्वतःची उभी हयात मात्र चिकलठाण्याच्या एका कारखान्यात नटबोल्ट तपासण्यात गेलेली. निवृत्त झाल्यावर लोक पोथ्या वाचतात, गुडघे बदलून घेतात, नाहीतर सोसायटीचे चेअरमन होऊन शेजाऱ्यांशी भांडतात. साडूभाऊंनी बीअरचे हंगाम पाळायला घेतले.

पाळायला हा शब्द मी जपून वापरतोय. आमच्या शहरातून बीअर ट्रक भरभरून बाहेर जाते, त्यात नवल काही नाही. पण अलीकडे हॉटेलातच स्टीलच्या भल्यामोठ्या टाक्या बसवून तिथल्या तिथं बीअर तयार करणारी मंडळी निघाली आहेत. ही मंडळी दर हंगामाला नवी बीअर काढतात. पावसाच्या तोंडाला जांभळाची, दिवाळीच्या आगेमागे सीताफळाची, थंडीत काळी कुळकुळीत, हुरड्याच्या दिवसांत ज्वारीची. एक टाकी संपली की संपली. पुढच्या वर्षापर्यंत वाट बघा. आता आमच्या शहरात घरच्या नळाला पाणी कोणत्या दिवशी येईल हे ब्रह्मदेव सांगू शकत नाही. पण जालना रोडवरच्या त्या हॉटेलच्या नळाला कोणत्या आठवड्यात काय येणार, हे साडूभाऊंना तोंडपाठ असतं. नुसतं इथलंच नव्हे. नाशिकला द्राक्षाची निघाली की एसटीनं नाशिक, पुण्याला कोकमाची निघाली की पुणे. नाशिकला जाऊन, एक गिलास पिऊन, उलट्या गाडीनं परत येणारा हा माणूस. ‘एक’ हा शब्दही मी जपून वापरतोय. दुसरा गिलास त्यांनी आयुष्यात घेतलेला नाही. “दुसरा गिलास तहानेचा असतो, पाहुणे,” ते मला सांगतात, “आन तहानेला पाणी हाय की.”

नव्या बीअरचा पहिला दिवस म्हणजे त्यांच्याकडे लग्नघर. सकाळी दाढी, कडक इस्त्रीचा मोतिया शर्ट, खिशात रुमाल, आणि पिशवीत नारळ. नारळाची कथा अशी की हॉटेल उघडलं त्या दिवशी साडूभाऊंनी टाक्यांकडे बघून तिथल्या बीअर बनवणाऱ्या मुलीला विचारलं, “पोरी, टाकीला नारळ फोडलास का?” ही मुलगी बाहेर शिकून आलेली, तिशीतली, हुशार. तिनं टाकीचं तापमान सांगितलं, दाब सांगितला, धान्याची जात सांगितली. “ते समदं खरं,” साडूभाऊ म्हणाले, “पण नारळ?” आणि उठून स्वतः नारळ घेऊन आले. तेव्हापासून रिवाज पडला तो पडलाच. नवी बीअर आली की साडूभाऊ चपला काढून टाकीपुढे उभे राहतात, नारळ फोडतात आणि “सोडा!” म्हणतात, मगच नळ उघडतो. पहिला गिलास त्यांचा. तोवर गिऱ्हाईक कितीही खोळंबलेलं असो, ती मुलगी नळाला हात लावत नाही. ही प्रथा माझ्या मेव्हणीला, म्हणजे अक्कांना, समजली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “लेकीच्या बारशाला पाऊण तास उशिरा आले होते. आन हिच्या बारशाला पहाटेपासून आंघोळ करून बसतेत.”

अक्कांचा बीअरला विरोध होता असं म्हणणं म्हणजे उन्हाळ्याचा थंडीला विरोध असतो असं म्हणण्यासारखं आहे. त्या तिचं नाव घेत नसत, ‘ते’ म्हणत. साडूभाऊंनी एकदा मनीप्लांट लावायला एक रिकामी, धुतलेली, सुंदर हिरवी बाटली घरी आणली, तर अक्कांनी ती मनीप्लांटसकट जिन्यात ठेवली. तो मनीप्लांट अजून जिन्यातच वाढतोय आणि दुसऱ्या मजल्यावर पोचलाय.

साडूभाऊंच्या शहरातल्या सगळ्या मोहिमांचे सारथी खुलताबादचे भाई. दोघं एकाच कारखान्यात, एकाच बाकावर बसून निवृत्त झाले. भाई थेंबाला शिवत नाहीत, आयुष्यभर लिंबूसोडा. म्हणूनच गाडी ते चालवतात. साडूभाऊ गिलास कानाला लावून फेसाचा आवाज ऐकतात (हो, ऐकतात, डोळे मिटून) तेव्हा भाई शांतपणे विचारतात, “किसका फोन है, उस्ताद? मेरा भी सलाम बोलो.” सीताफळाच्या बीअरला सीताफळं भाईंच्याच झाडांची गेली होती. त्या दिवशी भाई सोड्याचा गिलास हातात घेऊन साडूभाऊंच्या तोंडाकडे असे बघत बसले होते, जसा मुलीचा बाप पाहुण्यांच्या तोंडाकडे बघतो. “बोलो तो सही, कैसी है? मैं तो पी नहीं सकता. तुम्हारे मुंह सेच चखना है मेरेकू.”

आणि साडूभाऊ बोलले, “खुलताबाद.”

इथं साडूभाऊंची खरी करामत सांगायला हवी. एकदा शेजारच्या टेबलावरच्या नोकरदार पोरांनी मोबाईल पुढे करून विचारलं होतं, “काका, या बीअरला किती स्टार द्यायचे?” साडूभाऊंनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “मी स्टार देत नाय. मी गाव देतो.” तेव्हापासून ते प्रत्येक बीअरला एक गाव देतात, आणि ते गाव मग बदलत नाही. थंडीतली काळी बीअर त्यांनी चिकलठाण्याला दिली: “सुरवातीला कारखान्याचा धूर, शेवटाला इमानतळावरनं इमान उडतंय.” ज्वारीची वैजापूरला: “कोरडी हाय, पण माणसं चांगली.” एका महागड्या, परदेशी फुलांच्या बीअरचा घोट घेऊन त्यांनी गिलास खाली ठेवला आणि म्हणाले, “ही नवी कॉलनी हाय. रस्ते मोठे, वळखीचं कुणी नाय.” सीताफळाची खुलताबाद का, तर “चढताना दम लागतो, वर गेल्यावर गार वारा.” भाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं त्या दिवशी, अर्थात ते म्हणाले सोड्याचं नाकात गेलं. पोरं आता मोबाईल बाजूला ठेवून विचारतात, “काका, गाव कोणतं?” आणि कुणीतरी हमखास खोडी काढतो, “गंगापूर कुणाला देणार, काका?” त्यावर साडूभाऊंचं उत्तर ठरलेलं, “अजून आली नाय ती.”

ती येणार कशी, याची तजवीज मात्र त्यांनी स्वतःच केली होती. त्या मुलीला आंब्याची बीअर काढायची होती, पण बाजारातल्या आंब्याला नुसता गोडवा, वास नाही, अशी तिची तक्रार. साडूभाऊ म्हणाले, “आमच्याकडं शेप्या हाय.” शेप्या हे त्यांच्या शेताच्या बांधावरचं गावरान आंब्याचं झाड. त्याच्या रसाला शेपूच्या भाजीचा पुसटसा वास येतो, म्हणून शेप्या. झाड साडूभाऊंच्या वडिलांनी, आबांनी, लावलेलं. आबा नव्वदीच्या घरातले, गळ्यात तुळशीची माळ, आणि स्वभावाला घाई नावाची गोष्ट नाही. चहा बशीत ओतायचे आणि त्यावरचा फेस विरून वाफ जाईपर्यंत बशीला हात लावायचे नाहीत. कुणी म्हटलं, “आबा, घ्या की,” तर म्हणायचे, “जरा निवू दे.” मी कितीदा तरी त्यांच्यासमोर बसून माझा चहा संपवला आहे, दुसरा मागवून तोही संपवला आहे, आणि आबांची बशी अजून निवतेच आहे.

गेल्या उन्हाळ्यात शेप्याचे आंबे उतरवले तेव्हा आबा झाडाखाली बाजेवर बसून होते. टोपल्यांवर टोपल्या गाडीत चढताना बघून त्यांनी विचारलं, “एवढे आंबे कुठं चालले रे?” कारखान्यात साहेबाच्या डोळ्याला डोळा भिडवून टेंपोच्या टेंपो माल नापास करणाऱ्या साडूभाऊंची जीभ त्या माळेकडे बघून अडखळली. ते म्हणाले, “सरबत काढायलेत, आबा. शहरातलं हॉटेल हाय.”

“सरबत?” आबा म्हणाले. “मग पहिला गिलास मला आण. झाड माझं हाय.”

“आणतो, आबा.”

रस काढून बर्फाच्या खोलीत ठेवला गेला. त्या मुलीनं थोडी थोडी बीअर करून बघितली. आंबा राहायचा पण शेपूचा वास उडून जायचा, म्हणून ती टाकून द्यायची आणि पुन्हा करायची. पावसाळा गेला. दिवाळीच्या जरा आधी आबा गेले, झोपेत, घाई न करता.

यंदाच्या उन्हाळ्यात बीअर जमली. अक्षय्य तृतीयेच्या अलीकडच्या शनिवारी हॉटेलच्या फळ्यावर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: शेप्या. खाली लिहिलं होतं, एकच टाकी. मी वेळेच्या आधी पोचलो. गर्दी ही एवढी. पोरं, त्यांच्या मैत्रिणी, एक आख्खं ऑफिस. नळाशी ती मुलगी उभी, आणि दारात भाई एकटेच, गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत. “उस्ताद उतरेच नहीं नीचे,” ते म्हणाले. “मैं हॉर्न बजाया, आवाज दिया. ऊपर से हाथ हिलाए, बोले तुम चलो.” मी त्या मुलीकडे बघितलं. तिनं नळावरून हात काढून घेतला आणि लोकांना सांगितलं, “थोडा वेळ लागेल.”

आम्ही उलट्या पावली सिडकोत, साडूभाऊंच्या घरी, गेलो. साडूभाऊ गॅलरीत बसले होते. दाढी झालेली, मोतिया शर्ट घातलेला, नारळाची पिशवी मांडीवर, आणि एकाच पायात चप्पल. “सकाळपासून असेच हायत,” अक्का आतून म्हणाल्या. “दुसरी चप्पल घालून कुठं जायचं ते ठरंना.”

मला वाटलं, मला कारण कळलं. त्यांच्या घरात अक्षय्य तृतीयेच्या आधी आंबा खात नाहीत. त्या दिवशी पितरांसाठी पाण्याची घागर भरायची, पान वाढायचं, आमरसाचा नैवेद्य दाखवायचा. मग घरादाराच्या तोंडाला आंबा. तेव्हा मी माझी वकिली पाजळली. म्हणालो, “साडूभाऊ, हा आंबा गेल्या वर्षीचा. याचा नैवेद्य गेल्या वर्षी झालेला आहे. हा हिशेबानं जुना आंबा. वर्षभर डब्यातला आमरस खातो तेव्हा कुठं तिथी बघतो आपण?”

“हौ,” भाई म्हणाले, “और वैसे भी अब वो आम कहाँ रहा, उस्ताद. उसका तो धरम बदल गया.”

साडूभाऊ हसले नाहीत. मी त्यांना इतक्या वर्षांत भाईंच्या विनोदाला न हसताना पाहिलं नव्हतं. “आंब्याचं नाय ते, पाहुणे,” ते म्हणाले. “मी ‘सोडा’ म्हणलं की पहिला गिलास माझ्या हातात देतेत. तो माझा नाय. आबांना कबूल केलाय मी.” मग पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. “आबा जेवायला येणार अक्षय तृतीयेला. तवर टाकीत थेंब उरायचा नाय. आन उरला तरी काय सांगू? सरबत म्हणलो व्हतो मी. माळकरी माणसाच्या पानापुढं हे कसं ठेवू? न ठेवावं तर शबूद जातो, ठेवावं तर खोटं उघडं पडतं.”

खालून भंगारवाला ओरडत गेला. तेवढ्यात अक्का दारात आल्या, हाताला कणीक तशीच.

“बाटलीत भरून मिळतं का ते?”

आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघत राहिलो.

“मिळते, भाभी,” भाई म्हणाले. “बूच लगाके देते.”

“मग आणा. खालच्या कप्प्यात जागा करते. पण कोथिंबिरीला लागू देऊ नका.”

साडूभाऊंनी दुसरी चप्पल घातली.

आम्ही पोचलो तेव्हा निम्मं ऑफिस भुकेनं व्याकूळ झालं होतं, पण जागचं कुणी हललं नव्हतं. साडूभाऊंनी चपला काढल्या, नारळ फोडला आणि “सोडा” म्हणाले, नेहमीपेक्षा बरंच हळू; मागच्यांना ऐकूसुद्धा गेलं नाही. नळातून पिवळीधमक धार आली. पहिला गिलास भरला, तो त्यांनी डोळ्यांपुढे धरला, कानाला लावला नाही, आणि त्या मुलीच्या हाती परत देऊन म्हणाले, “ही बाटलीत घाल, पोरी. वर पूर्ण भरून दे.” ती सगळं समजल्यासारखी वागली, कदाचित समजलीही असेल. मग ते आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा लिंबूसोडा मागवला. भाईंनी आपला गिलास त्यांच्या गिलासाला लावला. शेजारच्या टेबलावरून आवाज आला, “काका, गाव कोणतं?” साडूभाऊ म्हणाले, “अजून पोचलो नाय.” संध्याकाळपर्यंत टाकी रिकामी झाली.

अक्षय्य तृतीयेला आम्ही सगळे त्यांच्याकडे जेवायला. भाईही होते, आमरसाला ते कधी चुकत नाहीत. पाटापुढे मातीची घागर भरून ठेवलेली, केळीच्या पानावर पुरणपोळी, कुरडई, भजी, आमरसाची वाटी. साडूभाऊ सोवळं नेसून पाण्याचा हात फिरवत होते आणि त्यांची नजर पुन्हापुन्हा फ्रिजकडे जात होती. उठायचं धाडस मात्र होईना. शेवटी अक्काच उठल्या. खालच्या कप्प्यातून बाटली काढली, पदरानं पुसली, बूच उघडलं आणि घरातल्या रोजच्या स्टीलच्या गिलासात ओतली. फेस सरसरून वर आला.

“पानावर नाय,” त्या म्हणाल्या. “पानाच्या भायेर.” आणि गिलास पाटाच्या उजव्या अंगाला ठेवला, आबांचा हात पोचेल असा.

“अगं, पण सरबत म्हणलो होतो मी,” साडूभाऊ पुटपुटले.

“त्यांना माहीत व्हतं.”

“काय माहीत व्हतं?”

“आंबे उतरवले त्याच दिवशी मला विचारलं त्यांनी. म्हणले, ‘सूनबाई, ह्याच्या सरबताला फेस येतो का गं?’ मी म्हणलं, ‘येतो, आबा.’ मग हसले. म्हणले, ‘मग निवू देऊन पिईन. आन त्याला कळू देऊ नको, लेकरू घाबरंल.’”

लेकरू साठीच्या पुढचं होतं. ते घागरीकडे बघत मांडी घालून बसलं. आम्ही कुणी पानाला हात लावला नाही. गिलासातला फेस हळूहळू बसत गेला, बुडबुडे एकेक करून वर येऊन विझले, आणि गिलासात नुसता केशरी रंग उरला. साडूभाऊंनी मग स्वयंपाकघरातून आबांची बशी आणली, कडेला टवका उडालेली, आणि त्यात जरा ओतली. दोन्ही हातांनी उचलून, फुंकर न घालता, ते प्यायले.

“उस्ताद,” भाईंनी हळूच विचारलं, “गाँव कौनसा?”

जांभळापासून ज्वारीपर्यंत प्रत्येकीला गाव शोधून देणाऱ्या त्या माणसाला या एकीचं गाव सांगता येईना. तेव्हा अक्कांनी, ज्या तिचं नावही घेत नसत त्या अक्कांनी, करंगळी बशीत बुडवली, जिभेला लावली, क्षणभर डोळे बारीक केले.

“गंगापूर,” त्या म्हणाल्या. “त्यात काय विचारायचं?” आणि आमरसाचं पातेलं आणायला आत निघून गेल्या.

पंगत बसली. भाईंनी रसाच्या वाट्यांवर वाट्या रिचवल्या आणि दर वाटीला शेप्याच्या नावानं दुवा दिली. साडूभाऊंनी बशी पुन्हा काठोकाठ भरली आणि घागरीच्या शेजारी ठेवली. मी म्हणालो, “साडूभाऊ, घ्या की.”

“जरा निवू दे,” ते म्हणाले.

फ्रिजमधली बीअर ती, केव्हाची शांत झालेली. तिच्यात निवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण आम्ही सगळे बशी निवेपर्यंत बसून राहिलो.